बाबांच्या खोक्यातले रेझिस्टन्स : प्रकल्प नोंदी

२० ऑक्टोबर २०२४, रविवार. कऱ्हाड

दिवाळीच्या साफसफाईला आले आणि माळ्यावरून बाबांच्या दुकानातलं खोकं खाली निघालं. लाकडी, चाळीस कप्प्यांचं. आडवे आठ, उभे पाच. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान २००९ साली बंद झालं, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण कप्पे अजून गच्च भरलेले. सगळे रेझिस्टन्स, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणारे छोटे भाग. कॉलेजात रेझिस्टर म्हणतात, पाठ्यपुस्तकात रोधक. दुकानात मात्र गिऱ्हाइकापासून पोऱ्यापर्यंत सगळे रेझिस्टन्सच म्हणायचे, तेव्हा इथंही तेच.

प्रत्येक कप्प्यावर जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा चिकटवलेला, त्यावर बाबांच्या अक्षरात आकडे. पहिले चार कप्पे: १०/०, १०/म, १०/३, १०/४. पुढच्या चारांवर १२-१५-२२/०, १२-१५-२२/म असं. मग १८, मग २७-५६, ३३, ३९, ४७, ६८, ८२. प्रत्येकाचे चार-चार, म्हणजे नऊ चोक छत्तीस. उरलेल्या चारांपैकी तिघांवर 'वॅट', 'सिमेंट' आणि 'बघू'. शेवटच्यावर काहीच नाही; आत ट्रान्झिस्टरखाली घालायच्या अभ्रकाच्या चकत्या आणि पन्नास पैशांचं एक नाणं.

चिरंजीव यंदाच इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला लागलेत. त्यांच्यासाठी सगळं नीट निवडून, मोजून, पाकिटं करून द्यायची असं ठरवलं. दोन रविवारांचं काम. आई म्हणाली, "ने बाई एकदाचं, झुरळं तरी कमी होतील."

९ नोव्हेंबर, शनिवार. पुणे

उजळणी, रेझिस्टन्सवरच्या रंगीत पट्ट्यांची. प्रत्येक रंग म्हणजे एक आकडा; तो क्रम लक्षात राहावा म्हणून बारावी सायन्सला 'बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन' पाठ केला होता. त्यातल्या तीन 'बी' आणि दोन 'जी'मुळे काळा की तपकिरी की निळा, हिरवा की राखाडी, हा घोळ परीक्षेच्या हॉलमध्येही सुटला नव्हता. मराठीत ती अडचण नाही, दहाही रंगांची पहिली अक्षरं वेगळी ऐकू येतात. म्हणून स्वतःचं वाक्य तयार केलं:

काल ताईने लाडू नारळाचे पिशवीत हिशेबाने नेले, जाऊबाईंना राहिले पाच.

काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. चिरंजीव म्हणाले, "याला काही लॉजिक नाही." जाऊबाईंना विचार म्हटलं.

चार पट्ट्यांचा रेझिस्टन्स असा वाचायचा. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा म्हणजे त्यांच्यापुढे किती शून्यं, चौथा म्हणजे कारखान्यानं किती टक्के इकडेतिकडे चालवून घेतलंय ते. पिवळा, जांभळा, लाल, सोनेरी: चार, सात, पुढे दोन शून्यं, ४,७०० ओहम (ओहम हे रोधाचं एकक), पाच टक्के. दुकानी भाषेत 'फोर के सेव्हन'. चौथा चंदेरी असेल तर दहा टक्के, चौथा पट्टाच नसेल तर वीस. तिसऱ्या जागी सोनेरी आला तर शून्यं वाढवायची नाहीत, उलट दहानं भागायचं. चंदेरी आला तर शंभरानं. पिवळा, जांभळा, सोनेरी म्हणजे ४.७ ओहम.

आकडे छापायचे सोडून रंग कशाला, हा प्रश्न मला बारावीतही पडला होता. तांदळाएवढा एक तुकडा बोटांत धरून फिरवला आणि उत्तर मिळालं. गोल अंगावरचा छापील आकडा नेमका बोर्डाकडे तोंड करून बसतो, नाहीतर घासून जातो. पट्टा चहूबाजूंनी दिसतो.

आज ३३ आणि ३९ चे कप्पे झाले. १०४ नग.

१० नोव्हेंबर, रविवार

काल केलेल्या १०४ पैकी २१ चुकले होते. रोध मोजणारा मल्टिमीटर लावल्यावर कळलं.

दोष दिवाणखान्यातल्या एलईडी ट्यूबचा. स्वस्तातल्या ट्यूबखाली तपकिरी, लाल आणि नारिंगी एकाच घरातली भावंडं वाटतात. त्यातून जुना माल, अंगाचा रंगही बिस्किटासारखा. आज सकाळी नऊच्या उन्हात गॅलरीत पांढरं ताट घेऊन बसले, तर फक्त दोन चुका. यापुढे संध्याकाळी निवडायचं नाही. साड्यांच्या दुकानातही बायका पदर दाराशी नेऊन बघतात, ते काही उगाच नाही.

मोजण्याबद्दल दोन गोष्टी टिपून ठेवते. दोन्ही तारा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोठा रेझिस्टन्स मोजला की आपलं अंगही मीटरला जोडलं जातं. एक मेगचा, म्हणजे दहा लाख ओहमचा, नग ७४० किलोओहम दाखवत होता. हात काढले, टेबलावर ठेवून मोजला, तर एक मेग. दुसरी गोष्ट अगदी छोट्या मूल्यांची. मीटरच्या पिना नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी माझा मीटर ०.३ ओहम दाखवतो. ते वजा करायचं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आजचा धडा खोक्यातला नाही.

चिरंजिवांना कॉलेजसाठी एक टक्कावाले हवे होते, म्हणून तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या या गल्लीत शिरल्यावर तपकिरी म्हणजे एक हे विसरायची सोय नाही. निळ्या अंगाचे, मेटल फिल्मचे, पाच पट्ट्यांचे घेतले. यात पहिले तीन आकडे, चौथा शून्यं, पाचवा टक्केवारी: तपकिरी एक टक्का, लाल दोन.

घरी येऊन अर्डुइनोला, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, बटन जोडलं. बटन दाबलेलं नसताना पिन पाच व्होल्टवर राहावी म्हणून तिथं दहा किलोओहम लावायचा होता. रेझिस्टन्सवर तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी: शंभर, पुढे दोन शून्यं, १०,०००. बरोबर. बटन चालत होतं, दिवा लागत होता. दहा-बारा सेकंद बटन दाबून धरल्यावर चिरंजीव ओरडले, "आई, हा तापलाय."

पट्टे उलटे वाचले होते. दुसऱ्या टोकाकडून तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी: १२०, पुढे शून्य नाही. १२० ओहम. गणित केलं: पाच व्होल्टला १२० ओहममधून ४२ मिलिअँपिअर, म्हणजे ०.२१ वॅट. नग पाव वॅटचा. तापणारच. बटन चालत होतं म्हणूनच चूक लपून राहिली.

चार पट्टेवाल्यात ही भानगड होत नाही, कारण सोनेरी-चंदेरी पट्टा पहिला असूच शकत नाही. तो हाताला कुठल्या बाजूला हे बघितलं की दिशा ठरली. एक टक्कावाल्यात मात्र दोन्ही टोकांना तपकिरी येतो आणि दोन्हीकडून वाचलं तरी खरोखर बाजारात मिळणारं मूल्य निघतं. १ किलोओहमचा उलटून ११० ओहम होतो. १०० ओहमचा मात्र कसाही वाचा, शंभरच, नवजीवन शब्दासारखा. शेवटच्या पट्ट्याआधी जरा जास्त जागा सोडलेली असते म्हणतात. असते, पण इतक्या बुटक्या अंगावर ती 'जरा जास्त' ओळखायला भिंग लागतं. आमच्या घरी नियम झाला: निळ्या अंगाचा असेल तर आधी मीटर, मग रंग.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि १०/म हा कप्पा ताटात ओतला.

११८ नग. ४३ नग १०० ओहमचे, ६१ नग १ किलोओहमचे, १४ नग १ मेगचे. मी दोनदा मोजलं. बँकेतली सवय, बेरीज जुळल्याशिवाय उठवत नाही.

लेबलावरचा तिरप्या रेघेनंतरचा भाग म्हणजे शून्यं, हे एव्हाना लक्षात आलंय. १०/३ मध्ये सगळे ५७ नग दहा किलोओहमचे, एकही परका नाही. १०/४ मध्ये ४९, सगळे शंभर किलोओहम. १०/० मध्ये दहा ओहम. इतका काटेकोर माणूस शंभर ओहम आणि एक मेग एकाच कप्प्यात टाकतो? दहा हजार पटीचा फरक आहे. पावशेर साखर आणि अडीच टन साखर एका पिशवीत ठेवण्यासारखं झालं.

४७/म उघडला. ४७० ओहम ३१, ४.७ किलोओहम ३८, ४.७ मेग ३. तोच प्रकार.

दुकानात पिवळा साठचा बल्ब होता, त्याचा परिणाम म्हणावा, तर त्या उजेडात लाल आणि नारिंगी आधी मिसळायला हवेत. नारिंगी एकही चुकलेला नाही. मिसळलेत ते तपकिरी, लाल आणि हिरवा. हिरवा! पोऱ्यानं निवडले असतील म्हणावं, तर लेबलं बाबांनी लिहिली आहेत. 'म' म्हणजे मिश्र असावं. पण मुद्दाम मिश्र कोण ठेवतं?

१ डिसेंबर, रविवार

आठवडाभर हात लावता आला नाही. आज १२-१५-२२ ची रांग. इथं तर तीन मूल्यं एकत्र आहेत असं लेबलच सांगतंय.

या आकड्यांबद्दल. रेझिस्टन्स १०, २०, ३०, ४० असे मिळत नाहीत. दहा टक्क्यांच्या मालात दहापासून शंभरापर्यंत बाराच पायऱ्या असतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे १.२१ पट, म्हणजे दहाचं बारावं मूळ. दहाचा नग दहा टक्के वर गेला तर ११, बाराचा दहा टक्के खाली आला तर १०.८. मधे फटच राहत नाही. कारखान्यातून निघालेला जवळजवळ कुठलाही तुकडा कुठल्या तरी पायरीवर बसतो. या मालिकेला ई-१२ म्हणतात. पाच टक्क्यांसाठी तिच्या दुप्पट पायऱ्यांची ई-२४.

या यादीचा मला झालेला उपयोग वेगळा. गॅलरीत बसून मी 'पिवळा, निळा' वाचलं की लगेच कळतं, चुकले. ४६ नावाची पायरीच नाही. तो ४७, म्हणजे जांभळा. ३१ दिसला तर डोळे चोळायचे.

आज आणखी एक जुनं प्रकरण हाताला लागलं. गडद तपकिरी, दंडगोल, कडा तासल्यासारख्या: कार्बन कॉम्पोझिशनचे, व्हॉल्व्ह रेडिओच्या काळातले. एकूण ६४. रंग स्वच्छ, चंदेरी पट्ट्यासकट. मीटरवर ६४ पैकी ४१ दहा टक्क्यांच्या बाहेर आणि जवळपास सगळे वरच्या बाजूला. ४७ किलोओहम लिहिलेला ५८ दाखवतो. कार्बनची पूड आणि डिंकासारखं काही दाबून केलेला हा माल. वर्षानुवर्षं ओल पितो, सोल्डरिंगच्या उष्णतेनं आणखी बिघडतो आणि त्याचा रोध चढत जातो. पट्टा काही खोटं बोलत नाही. कारखान्यातून निघाला त्या दिवशीचं सांगतो. ४१ नग बाद.

बोर्डावर लावलेला रेझिस्टन्स न काढता मोजायचा तर इथं एक युक्ती आहे, लहानपणी बाबांच्या तोंडून ऐकलेली. सर्किटमध्ये बाकीचे मार्ग समांतर असतात, त्यामुळे वाचन रंगापेक्षा कमी येऊ शकतं, त्यावरून काही कळत नाही. पण सेट बंद असताना, कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारे भाग) रिकामे करून, वाचन रंगापेक्षा बरंच जास्त आलं तर तो नग गेलाच.

८ डिसेंबर, रविवार

स्वयंपाक करता करता १२-१५-२२/३ चा कप्पा चिरंजिवांपुढे ठेवला. सकाळचं ऊन, पांढरं ताट, तीन वाट्या. १२ किलोओहम, १५ किलोओहम, २२ किलोओहम. अर्ध्या तासानं बघितलं तर तिन्ही वाट्यांत तिन्ही.

"झोपेत करतोस का?" म्हणून खेकसले.

त्यानं एक नग उचलून विचारलं, "आई, यातला हिरवा कुठला?"

दोन पट्टे होते शेजारी शेजारी. तपकिरी आणि हिरवा. मला तर ओरडून दिसत होते.

बालवाडीत हा झाडांचे बुंधे हिरवे आणि पानं चॉकलेटी रंगवायचा. बाईंनी वहीत हसरा चेहरा काढून दिला होता. आम्ही ती वही पाहुण्यांना दाखवायचो.

हात पुसले आणि कऱ्हाडला फोन लावला. आई एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबांनी कधी टोमॅटो आणलेले आठवतात का तुला?" नाही आठवत. भाजी आईच आणायची. "आणले तर निम्मे हिरवे यायचे. वाळत घातलेल्या मिरच्यांत हिरवी राहिली तर निवडता यायची नाही. सिग्नलला वरचा लागलाय का खालचा, तेवढं बघायचे."

"मग कधी बोलले कसे नाहीत?"

"मेकॅनिकला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर रेडिओ कोण आणून देणार होतं गं?"

१४ डिसेंबर, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. इशिहारांच्या ठिपक्यांच्या पाट्या. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली केलेल्या, अजून त्याच चालतात. पहिल्या पाटीवर १२, तो सगळ्यांना दिसतो. पुढच्या एकीवर मला ७४ दिसले. चिरंजिवांना २१. दोघंही अगदी ठाम.

लाल-हिरव्याचा दोष, हिरव्याच्या बाजूचा. डॉक्टरांनी कागदावर रेघोट्या मारून समजावलं. ही जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एकच एक्स, तो त्याच्याकडून प्रत्येक मुलीला जातो. म्हणजे बाबांचा दोष माझ्याकडे आलाच आहे. दुसरा एक्स आईचा, तो धडधाकट म्हणून मला रंग दिसतात. माझ्या मुलाला माझ्या दोनपैकी कुठला मिळेल हा नाणेफेकीचा मामला. त्याच्या वाट्याला आजोबांचा आला.

गाडीच्या लायसनची चिंता मलाच. सौम्य आणि मध्यम दोष असेल तर २०२० पासून लायसन मिळतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन वाचत बसले. आपल्या इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटलाही रंगदोष असलेल्यांना कुठल्याच अभ्यासक्रमातून वगळू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलंय. चिरंजिवांचा प्रश्न एकच होता, "मग डिप्लोमा?" डॉक्टर म्हणाले, कर की. मीटर आहे ना हाताशी?

रात्री मी ताट-वाट्या आवरून ठेवल्या. म्हटलं, उरलेले कप्पे मीच करते.

२२ डिसेंबर, रविवार

ताट-वाट्या पुन्हा बाहेर. मी काढल्या नाहीत.

चिरंजिवांनी कागदावर मांडणी केली आहे. त्याला तपकिरी, लाल आणि हिरवा एकसारखे दिसतात, निळा आणि जांभळाही बऱ्याचदा एक. काळा, पिवळा, राखाडी, पांढरा स्वच्छ. नारिंगी उन्हात ओळखतो. मग त्यानं ई-१२ च्या बाराही पायऱ्या घेतल्या आणि आपल्या डोळ्यांना कुठल्या सारख्या दिसतात ते बघितलं.

पिवळ्यानं सुरू होणारी पायरी एकच, ४७. दुसरा पट्टा निळा की जांभळा हे बघायचीच गरज नाही. राखाडीनं सुरू होणारी एकच, ८२. नारिंगीच्या दोन, ३३ आणि ३९. दुसरा पट्टा पांढरा असला की ३९, नाहीतर ३३. दुसरा पट्टा राखाडी असेल तर १८ किंवा ६८, आणि तपकिरी व निळ्यातला फरक त्याला दिसतो. दुसरा काळा म्हणजे १०. अडतं ते दोनच ठिकाणी. १२, १५, २२ हे तिन्ही एकसारखे. आणि २७, ५६ हे दोन एकसारखे.

कागद माझ्यापुढे सरकवून तो चहा करायला गेला. मी कागदाकडे बघत होते आणि समोर टेबलावर खोकं होतं.

१०. १२-१५-२२. १८. २७-५६. ३३. ३९. ४७. ६८. ८२.

हाक मारून त्याला बोलावलं. तो कप हातात घेऊन लेबलं वाचत उभा राहिला. मग म्हणाला, "आणि तिसऱ्या पट्ट्याचं पण तसंच. काळा शून्य दिसतो, नारिंगी तीन, पिवळा चार. तपकिरी, लाल, हिरवा कळत नाहीत, ते सगळे म मध्ये." थांबून म्हणाला, "म म्हणजे मीटर."

म्हणजे शंभर ओहम आणि एक मेग एकत्र पडले ते चुकून नाही. डोळ्यांना जेवढं खात्रीनं कळतं तेवढंच निवडायचं, पुढचं लागेल तेव्हा मीटरवर. १०/म मधून नग उचलला की तो शंभर, हजार किंवा दहा लाख, तिन्ही इतके लांब की काटा हलताक्षणी निकाल. नाशिकचा मोटवानेचा काट्याचा मीटर होता त्यांचा. त्यावर ओहमची पट्टी उलटी, शून्य उजवीकडे, आणि डावीकडे आकडे एकमेकांच्या अंगावर चढलेले. तिथं ५६ आणि ६८ मधला फरक वाचणं जिवावर येतं, पण शंभर की दहा लाख हे लांबूनही दिसतं. मी महिनाभर ज्या कप्प्याला चूक म्हणून नोंदवत होते तो खोक्यातला सगळ्यात विचारपूर्वक ठेवलेला कप्पा निघाला. २० नोव्हेंबरची नोंद खोडत नाही, राहू दे.

चिरंजिवांनी एक मर्यादाही काढली. ई-२४ मध्ये हा हिशेब कोसळतो. तिथं २० आहे, तो १० सारखाच दिसतो. ११ आणि ५१ आहेत, ते १२-१५-२२ च्या टोळीत जातात. पाच पट्ट्यांच्या निळ्या मालात तर विचारायलाच नको. आजोबांकडे जुना माल आणि बाराच पायऱ्या होत्या म्हणून निभावलं.

२९ डिसेंबर, रविवार

'बघू' कप्पा. यात सगळी वांड कार्टी.

हिरव्या अंगाचे, पोटाशी फुगीर, तपकिरी, काळा, तपकिरी, चंदेरी. रंगानं १०० ओहम, मीटरवर दोन ओहमही नाही. सात नग असेच. शॉर्ट झालेत म्हणून टाकायला निघाले होते. हे रेझिस्टन्स नव्हेतच, कॉइल आहेत. रंग तेच, वाचायची रीत तीच, एकक मात्र मायक्रोहेन्री. १०० मायक्रोहेन्री.

फिकट निळे दोन, लांबट. एका टोकाकडून पिवळा, निळा, काळा, तपकिरी: ४६ ओहम, एक टक्का. ४६? अशी पायरी नाही. उलट बाजूनं तपकिरी, काळा, निळा, पिवळा: १० आणि सहा शून्यं, दहा मेग. मीटरवर १०.२ मेग. शेवटचा पिवळा म्हणजे पाच टक्के. टीव्हीच्या जास्त व्होल्टेजच्या भागातला माल हा. सोनेरी रंगात धातूची पूड असते, ती तिथं नको, म्हणून सोनेरीऐवजी पिवळा आणि चंदेरीऐवजी राखाडी. हे तपकिरी बघून मीही फसले होते.

एकच काळा पट्टा कमरेला असलेला एक नग. शून्य ओहम. बोर्डावर एका रेषेवरून दुसरी उडी मारायला तारेऐवजी हा, कारण नग बसवणाऱ्या यंत्राला तार धरता येत नाही, रेझिस्टन्सचा आकार धरता येतो.

आणि तीन म्हातारे, ज्यांच्यावर पट्टेच नाहीत. अख्खं अंग लाल, एक टोक जांभळं, पोटावर पिवळा ठिपका. अंग, टोक, ठिपका या क्रमानं वाचायचं: दोन, सात, चार शून्यं, २७० किलोओहम. मोजले तर ३३०, ३४५ आणि तिसरा उघडाच, म्हणजे आतून तुटलेला. बाद करायचे नियमानं, पण केले नाहीत.

सिमेंटवाल्यांना रंग नाहीत, आकडेच छापलेले. ४आर७ म्हणजे ४.७ ओहम, पुढचं 'जे' (J) हे अक्षर म्हणजे पाच टक्के, 'के' (K) असेल तर दहा. दशांशाचा टिंब पुसला जातो म्हणून त्या जागी अक्षर. चिरंजिवांचं मत: सगळे असेच हवे होते.

१२ जानेवारी २०२५, रविवार. कऱ्हाड

संक्रांतीच्या आधीचा रविवार, खोकं घेऊन आलो. शेवटची बेरीज: एकूण १,३८६. पाकिटांत १,१०९. बाद २३१. 'बघू'त ४६.

मी प्रत्येक मूल्याचं वेगळं पाकीट केलंय, वर पेनानं आकडा. चिरंजिवांनी ती पाकिटं बाबांच्याच कप्प्यांत, बाबांच्याच लेबलांप्रमाणे लावली. १०/म मध्ये तीन पाकिटं: १०० ओहम, १ किलोओहम, १ मेग. मी पत्रिकेचे तुकडे काढून नवी लेबलं छापून आणली होती, ती पिशवीतच राहिली.

आईला विचारलं, म म्हणजे मीटर ना? तिळाचा पाक बघत होती. "मीटरच. आधी 'मी' लिहिलं होतं. मग गिऱ्हाईक विचारायचं, मी म्हणजे कोण? म्हणून वेलांटी पुसली."

भिंगातून बघितलं. १०/म च्या म वर खरवडल्याची खूण आहे. ४७ च्याही. ८२ वर नाही, तो नंतर लिहिला असावा.

उरलेलं काम: मोटवानेच्या मीटरचे सेल गळून आतली पत्री गंजली आहे. घासून, नवे सेल घालून, काटा शून्यावर येतो का ते पुढच्या खेपेला.